लोहाऱ्याचे दोन एकर

अनंत निस्ताने यांना आमच्या कॉलेजात सगळे 'सर' म्हणत, फक्त पगारपत्रक म्हणत नसे. पगारपत्रकात त्यांचं नावच नव्हतं. ते तासिका तत्त्वावर होते. म्हणजे जितके तास शिकवाल तितक्याचे पैसे, आणि तेही शासनाला आठवण आली की. उन्हाळ्यात तास नाहीत म्हणून पैसे नाहीत, दिवाळीत तास नाहीत म्हणून पैसे नाहीत, आणि परीक्षेच्या काळात तास नसून काम दुप्पट, तरी पैसे नाहीत. माणसाला भूक मात्र तासिका तत्त्वावर लागत नाही. हा मुद्दा मंत्रालयात अजून कुणाच्या लक्षात आलेला नसावा.

आमचं कॉलेज यवतमाळहून पांढरकवड्याकडे जाताना जोडमोह्याच्या पुढे एका गावात आहे. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर संस्थेचे अध्यक्ष मला बोलावून चहा पाजतील, आणि त्यांचा चहा फार गोड असतो. मी तिथं मराठी शिकवतो, निवृत्तीला तीन वर्षं आहेत. अनंत सरांची आणि माझी ओळख एसटीच्या एकाच बाकावरची. सकाळी साडेसातची गाडी, डावीकडचं तिसरं बाक. अकरा वर्षं ते खिडकीशी आणि मी कडेला. अकरा वर्षांत त्यांनी मला एकदाच विचारलं, "सर, तुमाले खिडकी पाह्यजे का?" मी हो म्हणालो असतो तर त्यांनी दिलीही असती, पण त्यांचा चेहरा पाहून मी नाही म्हणालो.

ते इंग्रजी शिकवत. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला एक जुनी इंग्रजी कादंबरी नेमलेली होती. दोनशे वर्षांपूर्वीची. तिच्यात लग्नाच्या मुली, त्यांच्या काळजीनं घेरी येणाऱ्या आया, आणि गावात एखादा तरुण यायच्या आधी त्याचं वार्षिक उत्पन्न गावात पोचलेलं. परीक्षेत दर साली एक प्रश्न ठरलेला असे: या कादंबरीतलं प्रेम, पैसा आणि लग्न. सोळा गुण. आमची पोरं कापूस वेचून कॉलेजात येणारी, कुणाचा बाप हायवेवर ट्रक चालवणारा. त्यांना बग्ग्या आणि नाचाचे दिवाणखाने कुठून कळणार? पण अनंत सरांच्या तासाला मी व्हरांड्यातून जाताना हमखास रेंगाळत असे.

"हे पाहा," सर म्हणत, "इंग्लंड-गिंग्लंड इसरून जा. तुमच्या घरी पोरगी पाह्यले पाहुणे आले. पहिला प्रश्न काय इचारतेत?"

"वावर किती?" वर्ग एका सुरात.

"दुसरा?"

"ओलिताचं का कोरडवाहू?"

"तिसरा?"

"पोरगा एकटाच हाय का वाटेकरी हायेत?"

"झालं. पहिली पाच प्रकरणं झाली तुमची."

मग सोनू मडावी नावाची एक चुणचुणीत पोरगी उभी राहिली. "सर, मंग त्यायच्यात प्रेम कवा होते?"

"चहा-पोहे झाल्यावर."

"अन् सर, तुमचं वावर किती?"

सरांनी खडू खाली ठेवला. म्हणाले, "आठवड्याले नऊ तास. कोरडवाहू."

त्या दिवशी वर्ग इतका हसला की प्राचार्य बाहेर आले. पण मला वाटतं ती कादंबरी त्या वर्षीच्या पोरांना जन्मभर समजली असेल.

सरांचे वडील कलेक्टर कचेरीत कारकून होते, वारले. आर्णी रोडला दोन खोल्या, आई विमलताई, तिची फॅमिली पेन्शन. विमलताईंना मुलाच्या लग्नाचा घोर. वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवर मुलगा लिही 'प्राध्यापक (तासिका)', आणि आई घरून निघायच्या आधी तो कंस खोडून टाकी. एकदा अशाच मेळाव्यात मुलीच्या मामानं त्यांना गाठलं.

"प्राध्यापक हायेत म्हणे?"

"हाव," विमलताई.

"परमनंट?"

"होणारच हाय."

"कवा?"

"जागा निघाली की."

"मंग असं करू बाई," मामा म्हणाला, "तुमची जागा निघाली की आमची पोरगी काढू. दोन्ही सोबतच निघू द्या."

हे मला सरांनीच हसत हसत सांगितलं होतं. हसताना त्यांची मान खिडकीकडे होती.

पण सरांना मेळाव्यातली मुलगी नकोच होती. आमच्याच कॉलेजात दीपमाला गोहणे गृहअर्थशास्त्र शिकवत असे. तीही तासिकेवरच. एकतीस वर्षांची, बोलण्यात तिखट, आणि हातात कायम प्रॅक्टिकलच्या वह्यांचा गठ्ठा. तिचे वडील बापूजी गोहणे म्हणजे लोहाऱ्याकडचे चांगले खाऊन-पिऊन सुखी शेतकरी. कापूस, तूर, सोयाबीन, विहिरीला पाणी, दारात ट्रॅक्टर. यांच्या प्रेमाची बातमी आम्हाला डब्यावरून कळली. एके दिवशी तिनं सरांच्या डब्यात डोकावून पाहिलं आणि स्टाफरूमला ऐकू जाईल असं विचारलं, "सर, विमलकाकू रोज एकच भाजी करतेत का?"

"एकच नाही. सोमवारी वांगं. मंगळवारी सोमवारचं."

दुसऱ्या दिवसापासून तिच्या डब्याला एक खण वाढला. पाटवड्यांची भाजी, कधी झुणका, कधी गाकरं. तो खण ती काही न बोलता सरांपुढे सरकवी, सर काही न बोलता रिकामा करत, आणि विसळून परत देत. विसळून देणारा पुरुष मी आमच्या स्टाफरूममध्ये दुसरा पाहिला नाही. असं चार वर्षं चाललं. दोघांचं ठरलं होतं एवढंच, की जागा निघाली की बापूजींना सांगायचं. दीपमाला म्हणे, "जागा नाही निघाली तरी सांगनच मी. पण निघाली तर सांगणं सोपं जाईन."

आणि मागच्या साली जागा निघाली.

आता आमच्या संस्थेची रीत सांगितली पाहिजे. आमचे अध्यक्ष पैसे मागत नाहीत. मागतात असं कुणी म्हटलं तर मीच विरोध करीन. ते उमेदवाराला इमारत दाखवतात. अनंत सरांनाही त्यांनी हाताला धरून वरच्या मजल्यावर नेलं. उघड्या सळया, वाळूचा ढीग, त्यावर झोपलेलं कुत्रं.

"पाहा सर, स्लॅब राह्यला," अध्यक्ष म्हणाले. "तुमच्यासारखे इद्वान इथं शिकवतीन, पण डोक्यावर छप्पर तर पाह्यजे का नाही?"

"पाह्यजे," सर म्हणाले.

"मंग काय इचार केला?"

"मेरिटवर होईन ते होईन, साहेब."

अध्यक्षांनी कुत्र्याकडे पाहिलं. "मेरिट तर पाह्यजेच," ते म्हणाले. "मेरिटशिवाय कोणाले घेतो का आपण?"

ही रीत आजची नाही. माझ्या वेळी एक लोखंडी कपाट आणि दोन पंखे दिले की काम होत असे. ते कपाट अजून स्टाफरूममध्ये आहे. माझ्या सासऱ्यांचं आहे. पंखेही त्यांचेच, पण एक बंद पडला.

हे सगळं रीतीप्रमाणे चाललं असताना एका शनिवारी संध्याकाळी बापूजी गोहणे माझ्या घरी आले. पांढरं धोतर, टोपी, हातात संत्र्यांची पिशवी. मुलीकडच्यांनी स्वतः मुलाकडे जायचं नसतं, मध्ये एक माणूस लागतो. त्या कामासाठी मला निवडलं होतं. पाणी झालं, चहा झाला, पऱ्हाटीवरच्या बोंडअळीची चौकशी झाली. मग बापूजी टोपी मांडीवर ठेवून म्हणाले:

"निस्ताने सर पोरगा कसा हाय?"

"सोन्यासारखा."

"ते मले माहीत हाय. सोनं गहाण ठेवता येते, पोरगा नाही ठेवता येत. सर, लोहाऱ्याच्या एमआयडीसीले लागून दोन एकर हाय आमचं. भाव चांगला येऊन राह्यला. ते मोकळं करतो. पैसा सीधा संस्थेले जाईन, स्लॅबच्या नावानं. जवायाच्या हातात रुपया नाही देत. मंग हुंडा कायचा हा? नाही ना?"

मी माझ्या सासऱ्यांचं कपाट डोळ्यांपुढे आणलं आणि म्हणालो, "नाही."

"मंग तुम्ही सरायले इचारा. सोमवारपर्यंत सांगा. दुसरा बी एक उमेदवार फिरून राह्यला, खोडे म्हणून. अन् एक गोष्ट. माह्या पोरीचं नाव यात कुठंच नाही घ्यायचं. हे मी बोलून राह्यलो, बाप. समजलं?"

समजलं, असं मी म्हणालो. त्या वेळी खरंच समजलं असं वाटत होतं.

सोमवारी गाडी घाटंजी नाक्यावरून सुटली तसा मी विषय काढला. सर खिडकीबाहेर पाहत सगळं ऐकून घेत होते. मी बाजू चांगली मांडली, निदान वर्गात एखादा रस समजावून सांगतो तितकी तरी. बोलून झाल्यावर म्हणालो, "अनंतराव, घ्या. माझ्याही सासऱ्यांनी दिलं होतं."

"कपाट देलतं, सर. वावर नाही."

"भाव वाढले, इतकाच फरक."

ते हसले नाहीत. त्यांच्या न हसण्याचं कारण मला माहीत होतं. त्यांची थोरली बहीण कुंदा. तिच्या लग्नात वडिलांनी प्रॉव्हिडंट फंडाचा पैसा जावयाच्या शाळेत भरला होता, असाच सरळ संस्थेला. जावई मास्तर झाले. पण शाळेला अनुदान आलं नाही, आज येईल उद्या येईल म्हणत चौदा वर्षं झाली, अजून पगार नाही. जावई दुपारी शाळेत शिकवतात, संध्याकाळी किराणा दुकानात पुड्या बांधतात, आणि घरी आल्यावर कुंदाला सांगतात, "तुह्या बापानं मले फसवलं." हा पाढा अनंत सरांनी प्रत्येक राखीपौर्णिमेला ऐकलेला. म्हणूनच दर हिवाळ्यात सेवा योजनेच्या शिबिरात ते पोरांकडून शपथ घेववत: हुंडा घेणार नाही, देणार नाही, आणि दुसऱ्या कुठल्याही नावानं घेणार नाही. ते शेवटचं वाक्य छापील शपथेत नाही. ते सरांनी पदरचं घातलं होतं. सात शिबिरांत सात वेळा त्यांनी पोरांसोबत स्वतःही हात पुढे केला होता.

"नाही म्हून सांगा बापूजीले," ते म्हणाले.

"एकदा दीपमालाताईंशी तरी बोला."

"नाही सर. तिच्या कानावरही नका घालू. बाप आपल्यापायी वावर विकायले निघाला हे तिले समजलं, तर चार दिवस जेवणार नाही पोट्टी. मी मेरिटवर लागतो अन् मंग मानानं जातो तिच्या घरी."

"आणि नाही लागलात तर?"

"तरी ती थांबन," सर म्हणाले. इतक्या खात्रीनं म्हणाले, की पुढे काही विचारणं मला असभ्यपणाचं वाटलं. जोडमोहा आलं तेव्हा निर्णय झालेला होता. पाऊण तास लागला. माणसं साडी यापेक्षा जास्त वेळ लावून घेतात.

दुपारी मी बापूजींना फोन केला. सरांचं तत्त्व आहे, शपथ आहे, वगैरे सांगितलं.

"पोरगी नको का पैसा नको?" बापूजींनी विचारलं.

"पैसा नको."

पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मग बापूजी म्हणाले, "आमच्यात ते एकच राह्यते, सर," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दीपमालाच्या डब्याचा तो जास्तीचा खण आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ती खिडकीजवळच्या टेबलावर बसून वह्या तपासत जेवायला लागली. सर त्यांचं मंगळवारचं सोमवारचं वांगं खात होते. मी खुणेनं विचारलं, काय झालं? तर म्हणाले, "प्रॅक्टिकल जवळ आले ना. गडबडीत हाय ती." आणि मुलाखतीसाठी काढलेली टिपणं उघडून बसले.

मुलाखत फार चांगली झाली. विद्यापीठातून आलेल्या तज्ज्ञांनी म्हणे खुर्चीतून उठून हात मिळवला. सर बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर जागा मिळाल्याचा आनंद. त्यांनी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना चहा पाजला, शिपायालासुद्धा. आठ दिवसांनी यादी लागली. पहिला: मंदार खोडे. अनंत निस्ताने: प्रतीक्षा यादी, क्रमांक एक.

मंदार खोडे बत्तीस वर्षांचा, नागपूरच्या एका क्लासात शिकवून आलेला, पात्रता परीक्षा पास, दिसायला नीटनेटका आणि माणूस म्हणून वाईट नाही. हीच मोठी गैरसोय. वाईट असता तर आम्हाला त्याला शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. तो पेढे घेऊन स्टाफरूममध्ये आला, अनंत सरांच्या पाया पडला, त्यांच्यापेक्षा जेमतेम पाच वर्षांनी लहान असून.

"सर, तुमच्या नोट्स लय फेमस हायेत म्हणे. मले देता का? ते नॉव्हेल मी काही वाचलं नाही, खोटं कायले बोलू. सिनेमा पाह्यला होता अर्धा."

मला वाटलं आता काहीतरी होईल. सरांनी सासऱ्यांच्या कपाटातून फाइल काढली. अकरा वर्षांची टिपणं, कडांना पिवळी पडलेली.

"तिसऱ्या पानावर एका तारखेची चूक हाय," ते म्हणाले. "सुधारून घ्या. मी वर्गात तोंडी सांगतो दर साली, म्हून तिथं सुधारली नाही."

त्याच आठवड्यात प्राचार्यांनी त्यांना बोलावून समजावलं, की आता पूर्णवेळ माणूस आला म्हणजे बहुतेक तास त्याच्याकडे जाणार. सरांना आठवड्याचे दोन तास उरतात. "एवढे तरी ठेवलेत तुमच्यासाठी," प्राचार्य म्हणाले, आणि ते त्यांनी खरंच भांडून ठेवले होते, हे मला माहीत आहे. दोन तासांच्या पैशात एसटीचा पास निघतो. पास निघतो तो कॉलेजात येण्यासाठी.

आणि त्याच आठवड्याच्या शेवटी शिपायानं बातमी आणली, की दीपमाला मॅडमचा साखरपुडा झाला. खोडे सरांशी. लोहाऱ्याचे दोन एकर गेले.

अनंत सर तास घ्यायला गेले. पूर्ण अठ्ठेचाळीस मिनिटं शिकवलं. परत येऊन म्हणाले, "बापानं जबरदस्ती केली असन, सर. मी तिच्यासंग बोलतो." पण दीपमाला रजेवर गेली होती. फोन ती उचलत नव्हती. सरांनी तीन आठवडे वाट पाहिली. एसटीत ते मला दर सकाळी तेच सांगत. तिचा काही दोष नाही. तिला कुणी विचारलंच नसेल. आपल्याकडे पोरीला विचारतं कोण.

एका गुरुवारी दुपारी अडीचच्या सुमाराला, रजेवरून परत आल्यावर, ती पत्रिका वाटायला आली. स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. मी उठायला लागलो.

"बसा सर," ती मला म्हणाली. "निरोप तुम्हीच नेला होता. तुम्ही असले तर बरं."

तिनं एक पत्रिका माझ्यापुढे ठेवली, एक अनंत सरांपुढे. त्यांनी तिला हात लावला नाही.

"बापूजीनं जबरदस्ती केली का?" त्यांनी विचारलं.

दीपमाला हसली. "बापूजीनं मले आजवर ड्रेसचा रंगसुद्धा नाही सांगितला. ते कायची जबरदस्ती करतेत?"

"मंग?"

"मंग काय? तुम्ही नाही म्हटलं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. मी बोललो नव्हतो. "तुले कोणं सांगितलं?" ते म्हणाले.

"मले कोणी कायले सांगन, सर? ते दोन एकर माह्या नावावर होते. आजीनं देलते. ते इका अन् सरायची जागा पक्की करा, हे मीच म्हटलं बापूजीले. आठ दिवस भांडली त्यायच्यासंग. ते म्हणे, पोरीनं असं बोललं तर लोक काय म्हणतीन, मी आपल्या नावानं सांगतो. म्हून ते या मराठीच्या सरायच्या घरी गेले संत्रे घेऊन." तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. "तुमाले जे आलं ना, तो माहा निरोप होता."

अनंत सर खुर्चीत पुढे सरकले. "मले वाटलं, कुंदाताईसारखं..."

"कुंदाताईचं मले माहीत हाय. तुम्हीच सांगितलं होतं, रडत. कुंदाताईले तरी कोणी इचारलं होतं का? तुमच्या बाबांनी ठरवलं, जवायानं घेतलं. इथं तुम्ही ठरवलं, बापूजीनं ऐकलं. मले कोणं इचारलं?"

"तुले तरास होईन म्हून मी..."

"हाव. सगळ्यायलेच माहा तरास वाचवायचा होता." तिनं हातातला पत्रिकांचा गठ्ठा टेबलावर सारखा केला. "मी पंधरा दिवस डबा नाही आणला. एक दिवस तरी इचारलं, काहून नाही आणला?"

"मले वाटलं, प्रॅक्टिकल..."

"प्रॅक्टिकल."

हा शब्द तिनं इतका हळू उच्चारला की मी उगाच कपाटाकडे पाहायला लागलो.

"तरी थांबली मी. मुलाखतीच्या आदल्या दिवसापर्यंत थांबली. तुम्ही येऊन माह्यासमोर म्हटलं असतं ना, की दीपमाला, मले तुहा पैसा नाही चालत, आपण दोघं तासिकेवरच संसार करू, तर मी त्यालेही हो म्हटलं असतं. भांडली असती, पण हो म्हटलं असतं. मंग खोड्यायचा निरोप आला. त्यायनं काय इचारलं माहीत हाय? का वावर पोरीच्या नावावर हाय, तर पोरीची मर्जी हाय ना? तेवढंच इचारलं, पण माह्या तोंडानं ऐकायचं म्हणे. फोनवर."

"तुले आवडते तो?"

"त्यायनं इचारलं," ती म्हणाली.

सर उभे राहिले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. "आताही काही नाही बिघडलं. मी आता बापूजीकडे..."

"रजिस्ट्री झाली, सर. सही मीच केली. तिथं आता जेसीबी चालून राह्यला." तिनं घड्याळ पाहिलं, कारण घंटा झाली होती. "माहा तास हाय. काकूले पत्रिका तुम्हीच द्या. मी घरी नाही येत."

ती गेली. व्हरांड्यात तिची पावलं जरा वेळ ऐकू आली, मग पोरींचं 'गुड आफ्टरनून मॅडम' ऐकू आलं.

अनंत सर बसले. त्यांनी पत्रिका उचलली, लिफाफ्यावर 'श्रीमती विमलताई निस्ताने' असं तिनं आपल्या हातानं लिहिलेलं होतं, ते वाचलं, आणि पत्रिका पुन्हा टेबलावर ठेवली.

"सर," ते मला म्हणाले, "तिनं हे आधी सांगितलं असतं, तर मी घेतला असता का पैसा?"

मी अकरा वर्षं त्यांच्या शेजारी बसलेला माणूस. उत्तर मला येत होतं. नसता घेतला. पण बोलले असते, ती भांडली असती, आणि पुढचं दोघांनी मिळून ठरवलं असतं. हे त्यांना त्या दुपारी सांगण्यासारखं नव्हतं.

"तिचा तास संपू द्या," मी म्हणालो.

तास संपला. आम्ही दोघं दाराकडे पाहत बसलो होतो. दीपमाला स्टाफरूमकडे आली नाही. ती पलीकडच्या जिन्यानं उतरून गेली. चारची गाडी सरांनी सोडली. पाचची मी सोडू दिली नाही. दंडाला धरून त्यांना थांब्यावर आणलं, गाडीत चढवलं, आणि यवतमाळ येईपर्यंत त्यांच्या मांडीवरचा तो लिफाफा खाली पडला की उचलून देत राहिलो.